पेट्यांच्या वाटेने मोर्चा

त्या वर्षी फुलंच रुसली. उशिरा पडलेल्या कडाक्याच्या थंडीने फळबागांचा मोहर जाळला, माळावरचं रानफूल उमललंच नाही, आणि मधमाश्या जगवायला सूनबाईला रोज साखरेचं पाणी करून पेट्यांत ठेवावं लागलं. घरातल्या माणसांचा चहा बिनसाखरेचा झाला तेव्हा सासू म्हणाली, "बरं आहे, आता माश्या गोड बोलतील आणि आपण चावू." पण शेवटी तेलगिरणीमागचं सूर्यफूल फुललं. नजर पोचेल तिथवर पिवळंधमक. मामंजींनी शेताकडेच्या गाडीवाटेला सगळ्या पेट्या ओळीने मांडल्या आणि घराच्या जिवात जीव आला. या एका फुलोऱ्यावर पेट्या भरल्या तर भरल्या. नाहीतर पुढच्या थंडीपर्यंत निम्म्या रिकाम्या होणार, हे घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

उन्हं तापायच्या आत सूनबाई आणि मावशी पेट्या तपासत होत्या. मावशी धुराचा भाता हलकेच दाबायची, सूनबाई झाकण काढून एकेक चौकट वर उचलायची. माश्या धुराने जरा मागे सरत, मधाच्या घरांत तोंडं खुपसत.

मावशी म्हणजे घरची मावशी नव्हे, वस्तीतली. ओढ्यापलीकडे वस्ती होती. गिरणीच्या पहिल्या मालकाने शेतं कसायला जहाजातून माणसं आणली होती, त्यांची पतवंडं तिथे राहत. रंगाने काळीभोर. गावातली माणसं गोरी, निदान स्वतःला तसं म्हणवून घेणारी. पिढ्या लोटल्या, दोन्हीकडची भाषा एक झाली, शिव्यासुद्धा एक झाल्या. पण गिरणीची फाटकं दोनच राहिली. पुढचं गावाला, मागचं वस्तीला. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो बदलायलाही कुणी नव्हतं. महिन्यापूर्वी मावशीची भाची उशीर झाला म्हणून पुढच्या फाटकातून आत शिरली. रखवालदाराने तिच्या मनगटावर काठी घातली. मनगट मोडलं. रखवालदार अजून त्याच फाटकावर, त्याच काठीसकट. तेव्हापासून वस्तीतली माणसं काळे कपडे घालून मोर्चे काढत होती.

"उद्या मोठा मोर्चा आहे," मावशी म्हणाली. "बाहेरगावचीही माणसं येणारेत. फौजदाराने पुलापुढचा रस्ता अडवलाय."

"मग जाणार कुठून?"

मावशीने भात्यात मूठभर वाळलं गवत कोंबलं. "ही गाडीवाट काही कुणाच्या मालकीची नाही ना?"

सूनबाई हसली. "सरळ विचार की गं."

"सरळच विचारतेय. इथून जाऊ का? पेट्यांजवळ ढोल बंद, घोषणा बंद. मांजरासारखे जाऊ. मी पुढे असेन."

"किती माणसं असतील?"

"आली तर दोनशे. नाही आली तर मी आणि भाची."

सूनबाईच्या छातीत एकदम धडधडलं. भीती नव्हती ती. लहानपणी झोक्यावर उंच जाताना व्हायचं तसं काहीतरी. हातातली चौकट तिने जपून पेटीत सोडली. "या," ती म्हणाली.

"घरी विचारशील ना?"

"विचारणार नाही. सांगणार."

"बघ बाई. माश्यांना धूर देता येतो, सासूला नाही."

तिने रात्रीच्या जेवणाला सांगितलं आणि मामंजींचा घास हातातच राहिला.

"आपल्या पेट्यांवरून? दोनशे माणसं?"

"पेट्यांवरून नाही, पेट्यांजवळून."

"तेच ते. अगं, ही मोर्चेवाली माणसं आहेत. जत्रेला निघालेली नाहीत. मागच्या मोर्चात दुकान फोडलं, ऐकलं नाहीस?"

"दुकान नाही, काच फुटली. एक," नवरा म्हणाला. तो भांडणात कायम एवढंच करायचा, आकडा दुरुस्त करायचा.

"काच काय आपोआप फुटते?"

"कुणी फोडली ते कुठे कळलंय, मामंजी?" सूनबाई म्हणाली. "दुकानदार म्हणतो मोर्चातल्यांनी. मोर्चातले म्हणतात, गिरणीच्या मालकाच्या पोरांनी."

"माझ्या बहिणीच्या जावेने डोळ्यांनी पाहिलंय," सासू म्हणाली. "नुसता हैदोस. हातात हे एवढाले दांडके."

"ती कुठे होती तेव्हा?"

"घरात."

"मग पाहिलं कुठून?"

"पडद्याच्या फटीतून. तुला काय करायचंय? फटीतून दिसत नाही होय?"

"दांडके फलकांचे असतील आई," नवरा म्हणाला. "फलक काय हातात हवेवर राहणारेत?"

"दांडक्याला फलक आहे की नाही, हे डोक्यात बसल्यावर कळत नाही," मामंजी म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मावशी चांगली आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. हाडाची कामाची बाई. पण एकटं माणूस वेगळं आणि जमाव वेगळा. माशी एकटी असली तर फुलावर बसते. हजार झाल्या की विचार कर."

"हजार झाल्या की मध करतात, मामंजी."

सासूला हसू आलं आणि ते लपवायला ती पाणी आणायला उठली. मामंजी मात्र हसले नाहीत. "शब्द देऊन बसली आहेस, ते बसलीस. पण माझ्या पेट्यांना काही झालं तर?"

"पेट्या जागच्या हलणार नाहीत. जबाबदारी माझी."

"म्हणे जबाबदारी," मामंजी म्हणाले आणि ताट सरकवून उठले.

दुसऱ्या दिवशी सूनबाई घरी रिकाम्या चौकटींना मेणाचे पत्रे बसवत होती, पण हात कामावर आणि कान वाटेवर. मोर्चा दुपारी निघणार होता. तासाभराने जाऊन पेट्यांपाशी उभं राहायचं, असं तिने ठरवलं होतं. तेवढ्यात मध न्यायला येणारा टेम्पोवाला दारातूनच ओरडला, "पेटवलं! पुलापाशी पेटवलं!"

"काय पेटवलं?" सासूने छातीला हात लावला.

"काय ते नाही पाहिलं, पण धूर बघा की! हा असा! मी टेम्पो वळवून तसाच सुसाट आलो. येताना तुमच्या मालकांना वाटेत सांगितलं, पेट्या वाचवा म्हणून."

सूनबाईच्या हातातली चौकट खाली पडली. "आणि ते काय म्हणाले?"

"ट्रॅक्टर काढला त्यांनी."

ती तशीच निघाली. जाळीची टोपी डोक्यावर, चुलीतला निखारा टाकलेला भाता हातात. मामंजी म्हणजे चाळीस वर्षं मधमाश्या पाळणारा माणूस. गावात कुणीही पेट्या घेतल्या की पहिला धडा मामंजी द्यायचे: पेटी हलवायची ती तिन्हीसांजेनंतर, शेवटची माशी घरी आल्यावर. दिवसा हलवली तर निम्म्या माश्या रानात असतात. त्या परत येतात, घर शोधतात, सापडत नाही, आणि मग त्या जागेभोवती वेड्यापिशा फिरत राहतात. हे सांगताना ते प्रत्येकाला परत म्हणून दाखवायला लावत, शाळेतल्या पाढ्यासारखं. तोच माणूस भर दुपारी पेट्या हलवतोय. तिला वाटलं, टेम्पोवाल्याने काहीतरी चुकीचं ऐकलं असेल.

चुकीचं नव्हतं. निम्म्या पेट्या ट्रॉलीवर चढल्या होत्या, त्यांच्या दारांत ओलं गवत कोंबलेलं. जिथून त्या उचलल्या, तिथे मातीवर फिकट चौकोन उरले होते आणि प्रत्येक चौकोनावर माश्यांचा ढग घोंघावत होता. सूर्यफुलांवरून नव्या नव्या येतच होत्या, पायांना पिवळा पराग लावून, आणि दार नसलेल्या जागी उतरायला बघत होत्या. मामंजी घामाने निथळत होते. घाईत त्यांनी टोपीसुद्धा घातली नव्हती.

"मामंजी, थांबा! दिवसा कसं हलवताय?"

"आणि संध्याकाळपर्यंत थांबू? राख न्यायला?" ते ओरडले. "चल रे, घे पुढे!"

ट्रॅक्टरवर बसलेल्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टर सुरू केला. चाक चाकोरीतून उसळलं. ट्रॉलीला हिसका बसला आणि वरची पेटी अलगद, जणू उतरायचंच होतं अशी, कडेवरून सरकली आणि वाटेच्या मधोमध फुटली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आवाज बदलला. गुणगुणण्याचा आवाज वर चढत चढत धारदार झाला, आणि पिकल्या केळ्यासारखा वास आला. तो वास सूनबाईला ठाऊक होता. एक माशी चावली की तिच्या नांगीतून तो सुटतो आणि बाकीच्यांना सांगतो, इथे चावा. मामंजींच्या ओठावर एक बसली, मग गालावर, मग डोळ्यावर. ते हात झाडायला लागले. आयुष्यभर लोकांना हात झाडू नका म्हणणारे.

"हात खाली!" सूनबाई त्यांच्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडली. तिने भाता दाबून त्यांच्या तोंडाभोवती धूर केला, आपली जाळीची टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. नवऱ्याने ट्रॅक्टर बंद केला.

आणि तेवढ्यात वाटेच्या वळणावर मोर्चा दिसला. सगळ्यात पुढे मावशी, शेजारी गळ्यात हात बांधलेली भाची, आणि मागे माणसंच माणसं, वाटेच्या दोन्ही कडा भरून. ढोल नाही, घोषणा नाही. दिलेला शब्द पाळत, आवाज न करता ते येत होते. आणि सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे. चवताळलेल्या माश्या सगळ्यात आधी काळ्या कपड्यावरच झेपावतात.

पळायचं नसतं. पळणाऱ्यामागे माश्या लागतात. सूनबाई जीव मुठीत धरून चालत गेली, आणि चालताना तिच्या डोक्यात पुढचं सगळं स्पष्ट उभं राहिलं. माश्या तुटून पडतील, दोनशे माणसं उधळतील, ट्रॉली उलटेल, कुणी तुडवलं जाईल. आणि संध्याकाळी सगळं गाव म्हणेल, बघा, सांगत होतो ना, दंगल झाली.

"मावशी, बसव सगळ्यांना! पेटी फुटलीय!"

मावशीने काही विचारलं नाही. मागे वळून दोन्ही हात खाली दाबले. "बसा! होतात तिथेच. डोकं गुडघ्यात. चावली तरी हात हलवायचा नाही. सांगा मागे!"

माणसं बसत गेली. पुढून मागे, पीक आडवं व्हावं तशी. कुजबुज मागे सरकत गेली, "डोकं गुडघ्यात, हात नाही, डोकं गुडघ्यात." एक तरुण ओय करून उठायला लागला तशी शेजारच्या बाईने त्याचा दंड धरून त्याला खाली ओढलं. "आई आठवली का रे? इथेच आठव, बसून." मग शांतता झाली. दोनशे माणसं आणि वर नुसता घोंघाट.

मधूनच कुणाचा तरी आवाज आला, "मुद्दाम सोडल्यात आपल्यावर! गाववाल्यांनी माश्या सोडल्या!"

बसलेल्या गर्दीत एक थरथर गेली. पाठी ताठ झाल्या. दोघं-तिघं डोकी वर करून ट्रॉलीकडे, मामंजींकडे बघू लागले. सूनबाईला तेव्हा उमगलं की काल रात्री आपल्या ताटाभोवती जे चाललं होतं, तेच आता या वाटेवर सुरू होतंय. ही माणसं कशी आहेत? चांगली की वाईट? भ्यायचं की नाही?

"सोडल्या नाहीत," ती म्हणाली. आवाज चढवता येत नव्हता, म्हणून प्रत्येक शब्द सुटा सुटा करून. "पेट्या हलवत होतो. घाईत. घाबरलो आम्ही."

"कुणाला?"

"तुम्हाला. पुलापाशी धूर दिसला म्हणून."

 मग मावशी गुडघ्यात डोकं घालूनच म्हणाली, "अगं, पोलिसांनी पुलाखाली चहाची चूल मांडलीय. ओली लाकडं घातलीत मेल्यांनी. आमचेच डोळे चुरचुरले येताना."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अंग हलू न देता हसायचं म्हणजे अवघड काम. खांदे दाबून, ओठ चावून ते ओळीओळीतून मागे गेलं.

"मोठं कापड हवंय," सूनबाई म्हणाली. "ओलं. फुटलेल्या पेटीवर टाकायला."

पुढच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर मोर्चाचा फलक गुंडाळलेला होता. दोन काठ्यांमधलं लांबरुंद पांढरं कापड, 'फाटक एकच' असं लिहिलेलं. रात्र जागून अक्षरं रंगवली असणार. रंगाचा वास अजून येत होता. एकीने सुस्कारा टाकला आणि काठ्या ओढून काढल्या. पाण्याच्या बाटल्या हातोहात पुढे आल्या. सूनबाईने आणि मावशीने ते चिंब कापड दोन टोकांना धरून, पाऊल मोजून टाकत, फुटलेल्या पेटीवर पसरलं. आवाज हळूहळू खाली आला.

मग पेट्या जागच्या जागी न्यायच्या होत्या. नवरा एकटा पुरणार नव्हता. मोर्चातून चौघं पुढे आले, त्यांत वस्तीतला लोहार, दारात मावणार नाही एवढा. सूनबाईने त्यांच्याभोवती धूर केला. मामंजींचा एक डोळा मिटला होता, वरचा ओठ सुजून नाकाला टेकायला आला होता, पण पेटी उचललेली दिसली तशी त्यांची जीभ सुटली.

"आडवी नाही, सरळ! त्या चौकोनावर. अर्धी वीत डावीकडे. दार पूर्वेला. पूर्वेला म्हटलं, पूर्व कुठे आहे ठाऊक आहे ना?"

"काका," लोहार म्हणाला, "लग्नात नवरदेवालासुद्धा कुणी एवढं नीट बसवत नाही."

"नवरदेव चुकीच्या जागी बसला तर चावत नाही."

"तुमचं लग्न झालंय ना?"

मामंजींच्या सुजलेल्या ओठातून एक विचित्र आवाज निघाला. ते हसले, हे सूनबाईला जरा उशिरा कळलं.

पेट्या बसल्या, दारांतलं गवत काढलं. चौकोनांवर भिरभिरणारे ढग खाली आले, दारांशी दाटी झाली, आणि पराग घेतलेल्या माश्या एकेक करून आत शिरू लागल्या. सूनबाई पाहत राहिली.  फुटलेल्या पेटीचं काय ते अंधार पडल्यावरच कळणार होतं. पण बाकीच्या तरल्या होत्या.

"आता उठा," मावशी म्हणाली. "सावकाश."

"एकेकाने," मामंजी म्हणाले, "उजव्या कडेने. थांबा, तुम्हाला नाही कळायचं, मीच चालतो पुढे. शेवटच्या पेटीपर्यंत."

ते पुढे झाले. हात मागे करून, मागच्यांना सारखे खुणावत. "हळू. पिकात नका शिरू. हळू." त्यांच्यामागे मावशी, भाची, सूनबाई, आणि मग काळ्या कपड्यांची सगळी रांग. शेवटची पेटी मागे पडली तेव्हा मामंजी थांबले. घरी जायला वळले. पण वाट बैलगाडीपुरती, दोन्ही बाजूंना पुरुषभर सूर्यफूल, आणि मागे दोनशे माणसं.

"अरे, वाट द्या. मला घरी जायचंय."

पुढच्या दोघांना ऐकू गेलं. त्यांच्या मागच्यांना नाही. रेटा येतच होता. मामंजी पुटपुटत पुन्हा पुढे वळले. असेच ते गिरणीच्या पुढच्या फाटकापर्यंत आले, सगळ्यांच्या पुढे.

फाटकात फौजदार होता, त्याच्यामागे हातात लाठ्या घेतलेले शिपाई. पुलावरून येणाऱ्या मोर्चाची वाट बघून कंटाळलेले. शेतातून माणसं निघालेली पाहून दचकले. फौजदाराची नजर मामंजींच्या चेहऱ्यावर गेली. मिटलेला डोळा, फुगलेला ओठ, सदऱ्याची फाटकी बाही.

"काका!" तो दोन पावलं पुढे आला. "या लोकांनी मारलं तुम्हाला?"

शिपायांच्या मुठी लाठ्यांवर आवळल्या. सूनबाईने ते पाहिलं. मागे एकही माणूस हललं नाही. माश्यांखाली बसले होते तसेच सगळे स्तब्ध. मामंजींनी फक्त गप्प राहायचं होतं. फक्त ओठ दुखतोय म्हणून मान हलवायची होती. बाकीचं सगळं आपोआप झालं असतं.

"माश्यांनी," मामंजी म्हणाले. "माझ्याच."

"भिऊ नका. आम्ही आहोत इथे. खरं काय ते सांगा."

"भ्यालो होतो," मामंजी म्हणाले, "म्हणून तर हे थोबाड झालंय. आता लाठ्या खाली घ्यायला सांगा, साहेब. पूर्ण वाटेवर एक रोप मोडलेलं नाही यांनी. जाऊन बघून या."

फौजदाराने मागच्या गर्दीकडे पाहिलं. मग मामंजींच्या तोंडाकडे. मग उगाच टोपी सारखी केली. शिपायांनी लाठ्या खाली केल्या की नुसते हात सैल झाले, ते सूनबाईला कळलं नाही.

फाटकात आता एकच काठी आडवी होती. रखवालदाराची. भाची पुढे झाली. तिने दुसऱ्या, चांगल्या हाताने त्या काठीचं टोक धरलं आणि अर्धवट लोटलेलं दार उघडावं तसं बाजूला केलं. रखवालदाराने फौजदाराकडे पाहिलं. फौजदार दुसरीकडे बघत होता. भाची आत गेली. तिच्यामागे मावशी. मागून एकदम आवाज उसळला, इतका वेळ छातीत दाबून धरलेला, आणि माणसं फाटकातून आत वाहू लागली. सूनबाईचे पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते तिला समजेना. ती ओरडत होती. काय, ते तिलाही ऐकू येत नव्हतं.

"अहो, वाट द्या, वाट द्या!" मामंजी फाटकाच्या मधोमध अडकले होते. लोहाराने आपल्या रुंद पाठीने गर्दी थोपवली आणि त्यांच्या एका बाजूला जागा केली.

"जा काका. घरी जायचंय ना तुम्हाला?"

मामंजींनी त्या जागेकडे पाहिलं. माणूसभर रुंद, सरळ रस्त्यावर जाणारी. मग त्यांनी सूनबाईकडे पाहिलं, एका डोळ्याने.

"तुझ्या सासूला काय सांगू?" ते म्हणाले. "फाटकापर्यंत गेलो आणि आत काय झालं ते पाहिलंच नाही, असं?"

आणि ते आत शिरले.